जहाजवाल्या गाडीचा लाल दोरा

गाडी खरी की खोटी हे मला बॉनेट उघडून कळत नाही. ते काम इंजिनवाल्यांचं. मला फक्त मागची सीट काढून द्या. माणसं रंगावर पैसे ओततात, चाकं चकाचक करतात, पण सीटच्या आत कोण बघतं? म्हणून खोटं बोलणारा सीटच्या आत खोटं बोलायचं विसरतो. मी चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या आणि या एका गोष्टीच्या जोरावर कोणावर म्हणजे कोणावर विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाइकावर नाही, दलालावर नाही, शेठवर तर मुळीच नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, तू देवळात चप्पल काढतानासुद्धा आधी पुजाऱ्याचे पाय बघतेस." बघते. चप्पल माझी आहे ना?

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, मंदाताई, कामातले मजेशीर किस्से लिहा. लिहिते. पण यातला एक किस्सा मजेशीर नाही, आणि त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसलेय.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपू शेठचं सीटकव्हरचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे शेड, शेडच्या पुढे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं अंगण. यजमानांची नोकरी गेली तेव्हा मी तिथे मशीनवर बसले. चौथीपर्यंत शिकलेली, गोधडी शिवता येत होती, तेवढंच भांडवल. गोपू शेठ सिंधी माणूस. मला "अदी" म्हणायचा, म्हणजे ताई. पहिल्या दिवशी म्हणाला, "अदी, ब्लाउज नहीं सिलना है. इसपे आदमी कूदेगा." खरंच होतं ते. सीट म्हणजे नुसतं कव्हर नाही. खाली लोखंडी चौकट, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा चांगल्या गाडीला घोड्याचे केस, त्यावर कापूस, आणि मग रेक्झिन. माणूस बसतो रेक्झिनवर, पण त्याला झेलतात खालच्या स्प्रिंगा. मी रेक्झिन शिवायची. स्प्रिंगा बांधायचा बाळाराम.

बाळाराम बदलापूरच्या पलीकडचा, नदीच्या अंगाच्या गावातला. भातशेती होती थोडी, पावसाळ्यात शेतावर आणि एरवी आमच्याकडे. सुतळीने स्प्रिंगा अशा ताणून बांधायचा की बोट मारलं तर एकतारी वाजावी. हात चांगला, तोंड वाईट. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्याने दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि मग सुटलाच. "मंदाबाय, ही गाडी कंची सांग! नाय येत? मग बॉनेट हुंगून सांग!" सगळी शेड हसायची. मी मान खाली घालून मशीन चालवायची आणि मनात म्हणायची, थांब.

त्यामुळे एक झालं. मला काही विचारायचं असलं तरी मी बाळारामला विचारत नसे.

तेव्हा आमच्याकडे मोठ्या जुन्या अमेरिकन गाड्या बऱ्याच यायच्या. त्यातली माझी लाडकी प्लायमाउथ. लाडकी कशासाठी, तर मला ओळखता यायची. बॉनेटच्या टोकावर शिडाचं छोटं जहाज. अक्षरं वाचायची गरजच नाही. जहाज असलं की प्लायमाउथ. माझ्या नातीने आता फोनवर सगळं वाचून दाखवलं. ही गाडी अमेरिकेत १९२८ साली निघाली, एका मोठ्या कंपनीची स्वस्तातली गाडी म्हणून. जुन्या काळी विलायतेतून अमेरिकेला जाऊन वसलेल्या लोकांचं जे जहाज होतं, ते तिचं चिन्ह. आणि नावाची आणखी एक गोष्ट सांगतात. तिथल्या शेतकऱ्यांच्या घरोघरी पेंढ्या बांधायची एक सुतळी असायची, तिचंही नाव हेच. शेतकऱ्याच्या तोंडात बसलेलं नाव गाडीला द्या, म्हणजे तो गाडी घेईल, असा हिशोब. सुतळीवरून नाव पडलेली गाडी आणि आयुष्यभर सुतळी ओढणारी आम्ही माणसं! मला फार आवडलं ते.

कॉन्कॉर्ड, केंब्रिज, क्रॅनब्रुक अशी एकेका मॉडेलची नावं. पुढे सव्हॉय, बेल्व्हेडियर आल्या. आमच्या अंगणात यायच्या त्या बहुतेक क्रॅनब्रुकच्या काळातल्या, घुमटासारख्या पाठीच्या. छत उंच. का, तर म्हणे गाडीत साहेबाला हॅट घालून बसता आलं पाहिजे. हॅट तर इथे कोणी घालत नव्हतं, पण नवरदेव फेट्यासकट बसायचा, म्हणून लग्नाला भाड्याने द्यायला या गाड्या एक नंबर.

आता यातली खरी गोम सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्लायमाउथ, डॉज आणि डिसोटो या तीन नावांच्या तीन गाड्या. पण आपल्याकडे जोडणी होऊन यायच्या त्यातल्या पुष्कळशा आतून एकच. तेच दार, तीच काच, तीच सीट. पुढचं तोंड थोडं वेगळं, बिल्ला वेगळा, संपलं. म्हणजे एकीची मागची सीट उचलून दुसरीत ठेवली तर खट् करून बसणार. कारागिराला सोय आणि लबाडाला त्याहून जास्त सोय. डिसोटोवर जहाज ठोकून तिला प्लायमाउथ म्हणून विकणारे होते. कॅम्प एकमध्ये एक ओतारी होता, त्याला नमुना दिला की तो हुबेहूब जहाज ओतून द्यायचा. पुढे मी बिल्ल्याच्या मागे बोट घालून बघायला शिकले. जुनी भोकं बुजवलेली लागली की समजायचं, ही बाई माहेरचं नाव लपवतेय.

गिऱ्हाइकंही तशीच संशयी. एक डोंबिवलीचे मास्तर होते, तीन दिवस स्टूल टाकून सीटसमोर बसले. जेवायचा डबा तिथेच. शेठ म्हणाला, "साईं, घर जाओ, सीट भागेगी नहीं." मास्तर म्हणाले, "सीट नाही पळणार, स्प्रिंगा पळतील." दुसऱ्या एकाला वाटत होतं की त्याच्या मेहुण्याने सीटमध्ये सोनं लपवलंय. त्याने समोर बसून अख्खी सीट उसवायला लावली. निघालं काय? आकडे, पिना, एक दुधाचा दात आणि बायकोने माहेरी लिहिलेलं, न टाकलेलं पत्र. तो ते पत्र तिथेच वाचत बसला आणि सीट तशीच टाकून गेला. सीट न्यायला मेहुणाच आला.

अशा जगात आपलं नाव टिकवायचं तर पुरावा ठेवावा लागतो. म्हणून मी माझी पद्धत काढली. सीट गाडीतून निघाली रे निघाली की तिच्या चौकटीला, आतल्या बाजूला, मी रंगीत दोरा बांधायची. एका गाडीला लाल, दुसरीला हिरवा. गाठ माझ्या आईची, गोधडीच्या कोपऱ्याला घालायची ती, दोन फास सरळ आणि तिसरा उलटा. तशी गाठ कोणाला जमत नसे. शेठ चिडवायचा, "अदी, दोरा बांधती है या राखी?" पण गिऱ्हाइकाला दाखवायला तोच पुढे. "देखो साईं, हमारे यहां सीट बदलता नहीं. अदी का धागा है."

तर त्या वर्षी, लग्नसराई संपता संपता, दोन काळ्या गाड्या एकदम आल्या. एक अंबरनाथच्या कर्णिक साहेबांची प्लायमाउथ. साहेब कारखान्यात मोठे अधिकारी, गाडी तळहातावर ठेवल्यासारखी. दुसरी बदलापूरच्या एका माणसाची डिसोटो, लग्नाला भाड्याने फिरणारी. तिच्या मागच्या सीटवर करवल्या आणि पोरं मिळून आठ आठ जण बसलेले. स्प्रिंगा मोडलेल्या, तारेने आवळलेल्या, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, असं मालकच सांगून गेला; पण दोघांनाही वरचं रेक्झिन तेवढंच बदलून हवं होतं. शेठने आतून ओरडून सांगितलं, "अदी, प्लायमाउथ को लाल, डिसोटो को हरा." मी दोन रिळं घेऊन अंगणात गेले. बाळारामने दोन्ही सीटा काढून आपापल्या गाडीपुढे पालथ्या ठेवल्या होत्या आणि तो पाणी प्यायला गेला होता. खालच्या बाजूने कापड ठोकलेलं असतं, त्यामुळे पालथ्या सीटा सगळ्या सारख्याच दिसतात. मी गाड्यांच्या तोंडाकडे बघितलं. एका गाडीच्या नाकावर जहाज होतं, त्याला झेंडूची सुकलेली माळ. तिच्या सीटला लाल दोरा बांधला. दुसरीला हिरवा. झालं.

काम झालं, गाड्या गेल्या. चार महिन्यांनी कर्णिक साहेब भर पावसात गाडी घेऊन आले. मागची सीट एका बाजूला बसली होती. साहेब म्हणाले, "ही माझी सीट नाही. आमच्या घरच्यांना सारखं टोचतंय." शेठने सीट काढून खालचं कापड कापलं, तर आत तारेने आवळलेल्या स्प्रिंगा आणि सायकलची ट्यूब. लग्नाच्या गाडीची चौकट! आणि तिला बांधलेला लाल दोरा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "दोरा माझ्या हातचा आहे, मी बरोबरच बांधला होता." मग कोणी बदलला? लग्नाची गाडी बदलापूरच्या माणसाची, आणि तो निघाला मूळचा बाळारामच्या गावचा. झालं की! गाववाल्याला चांगली चौकट दिली आणि साहेबाला मोडकी, एवढं सरळ दिसत होतं. बाळाराम म्हणाला, "मी नाय केला. दोराच हिनी उलटा बांधला असंल."

मी जी उसळले! "मला वाचता येत नाही म्हणून काय मला गाडी ओळखता येत नाही? दोरा काय चालत जातो एका सीटवरून दुसरीवर? सोडून बांधला कोणीतरी. आणि सीटा काढायला-घालायला हात एकट्या तुझाच लागतो."

लग्नाची गाडी तोवर नाशिककडे विकली गेली होती, तिची सीट तपासायला मिळेना. शेठने साहेबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं, त्याच चौकटीला मोडलेल्या तेवढ्या स्प्रिंगा नव्या घालून सीट परत दिली आणि बाळारामला त्या दिवशी काढून टाकलं. कॅम्पातल्या सीटवाल्यांत बातमी पोचायला एक दिवस लागला. त्याला पुन्हा कोणी कामाला घेतलं नाही.

मी मात्र हा किस्सा वर्षानुवर्षं सांगितला. मुलीच्या सासरी, हळदीकुंकवाला, नव्या कारागिरांना. 'मी चोर कसा पकडला.' लोक म्हणायचे, मंदाताईंची नजर! त्या प्रकरणानंतर मी एक काम केलं, बिल्ल्यांवरून इंग्रजी अक्षरं शिकले, म्हणजे पुन्हा कोणी मला हसायला नको. डी फॉर डॉज. माझी बाराखडी ही अशी.

ही झाली जुनी गोष्ट. शेठ गेला, दुकान गेलं, तिथे आता जीन्सचा कारखाना आहे. डिसोटो तर आमच्या आधीच बंद झाली होती. प्लायमाउथही अमेरिकेत २००१ साली कायमची बंद झाली, शेवटी शेवटी त्या नावाने कसल्या कसल्या गाड्या काढून. नातीने वाचून दाखवलं तेव्हा मला माणूस गेल्यासारखं वाटलं. मी आता अंबरनाथला लेकीकडे असते आणि मशीनला हात लावते तो फक्त उशांच्या खोळींसाठी.

गेल्या वर्षी दारात एक गृहस्थ उभे. "मंदाताई का? मी कर्णिक. अंबरनाथचे कर्णिक, माझे वडील..."

साहेबांचा मुलगा. आता तोही रिटायर, चिखलोलीच्या नव्या टॉवरमध्ये राहतो. वडील गेल्यावर गाडी विकली होती, ती त्याने शोधून परत घेतली होती. आई ब्याण्णव वर्षांची, तिला एकदा त्या गाडीतून फिरवायचं होतं. "पण आई बसायलाच तयार नाही हो. म्हणते, ही आपली नव्हे. नंबर तोच आहे, कागद आहेत, तरी ऐकत नाही. ती म्हणते, सीटवाल्या बाईंना आण, त्या सांगतील."

माझे कान उभे राहिले. "कोणाकडून घेतली?"

"कल्याणच्या पुढे एक डीलर आहे. फार सज्जन माणूस. घेतली त्या दिवशी पेढे दिले त्याने मला."

"विकणारा पेढे देतो? चला, बघू."

टॉवरच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती. काळीभोर, आरशासारखी. एवढा नवा रंग बघूनच मला शंका. नाकावर जहाज, झगमगीत, कालच बसवल्यासारखं. बोट फिरवलं, कडा खरखरीत लागल्या. ओतलेलं नवं काम! मी मनात म्हटलं, घावला. त्या जुन्या गाडीचा नंबर आणि कागद मिळवले आणि दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीला लावले.

मागची सीट गुडघ्याने दाबून वर उचलली. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी निघाली, याचा मला जास्त आनंद. उलटी केली, खालचं कापड कापलं. आत तारेने आवळलेली चौकट, मध्ये सायकलच्या ट्यूबची कुजकी पट्टी.

"कर्णिक, तुम्हाला फसवलं. ही लग्नाची गाडी आहे. बदलापूरची डिसोटो. हिला मी या हातांनी शिवलीय."

तो मटकन खालीच बसला, इस्त्रीच्या पँटीसकट. "मी आईला काय सांगू?" एवढंच म्हणाला. मला वाईट वाटलं, पण खोटं सांगावं एवढं मात्र नाही. मग मी टॉर्च आत घातला आणि मला कोपऱ्यात लाल दोरा दिसला. अंधारात राहिल्याने रंग टिकलेला. दोन फास सरळ, तिसरा उलटा.

"थांबा," मी म्हणाले. "थांबा जरा."

लग्नाची चौकट आणि लाल दोरा, असं जगात एकाच गाडीत होतं. साहेबांच्या! शेठने नंतर घातलेल्या नव्या स्प्रिंगासुद्धा दिसल्या मग. चुकीची सीट होती म्हणूनच गाडी खरी ठरत होती. डीलरने जहाज तेवढं नवं बसवलं होतं, बाकी गाडी तीच. मी कर्णिकांना तसं सांगितलं. ते एवढे खूश झाले की लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळाले आणि माईंना घेऊन खाली आले. माई म्हणजे त्यांच्या आई. व्हीलचेअरवर, पाठ ताठ, मांडीवर टॉवेलाची गुंडाळी.

"तुम्ही मंदाबाई," त्या म्हणाल्या. "तुमची सीट मला सबंध पावसाळा टोचली."

"माझी नव्हे हो माई, त्या बाळारामची लबाडी."

"ते असो. गाडी आमची कशी असेल? त्या नाकावर काय बसलंय बघा. आमचं तर हे आहे." त्यांनी टॉवेल उघडला. आत जहाज. जुनं, शिडाच्या टोकाशी घासलेलं, वजनदार. "गाडी विकली तेव्हा मी हे दिलं नाही. म्हटलं, गाडी न्या, हे राहू दे."

"मग डीलरने दुसरं बसवलं, माई. म्हणून तुम्हाला परकी वाटली."

"असेल. काढून ठेवायची सवय यांचीच. गाडी गॅरेजला द्यायची म्हटली की आदल्या दिवशी जहाज स्क्रूसकट काढायचे, टॉवेलात गुंडाळून माझ्या साड्यांखाली. कोणावर म्हणून विश्वास नाही."

मला हसू आलं. माझ्याच जातीचा माणूस. हसता हसता मी थांबले.

"माई, उल्हासनगरला सीटा करायला दिली होती, तेव्हासुद्धा काढलं होतं?"

"तेव्हा तर सगळ्यात आधी! म्हणाले, कॅम्पात देतोय, बोडकी परत आली तर? म्हणून घरूनच बोडकी पाठवली."

"आणि झेंडूची माळ? जहाजाला माळ घालायचा तुम्ही?"

"छे. रंगाला डाग पडतात म्हणून दसऱ्यालासुद्धा घालू द्यायचे नाहीत."

मी सीटवर हात टेकला. त्या दिवशी अंगणात जहाजवाली गाडी होती ना, ती साहेबांची नव्हतीच. ती लग्नाची. डिसोटोवर कोणीतरी जहाज ठोकलेलं, त्याला लग्नातली माळ. आणि साहेबांची खरी प्लायमाउथ शेजारी बिनजहाजाची उभी होती. नाव लिहिलेलं होतं तिच्यावर. मला वाचता येत नव्हतं. पाणी प्यायला गेलेल्या माणसाला, परत आल्यावर, "यातली साहेबांची कुठली रे?" एवढं विचारलं असतं तर पुरे होतं. विचारलं नाही, कारण तो हसला असता.

बाळारामने चौकटी बदलल्या नव्हत्या. त्याने माझा दोरा बघून, त्यावर विश्वास ठेवून, लाल दोऱ्याची सीट साहेबांच्या गाडीत घातली. ते सगळं दुकान एवढ्या एका विश्वासावर चालत होतं.

कर्णिक म्हणाले, "ताई, पाणी आणू?" मी म्हटलं नको. माई माझ्याकडे बघत होत्या. "कोणाला तरी सांगायला हवंय का?" त्या म्हणाल्या. फार हुशार बाई.

बदलापूर स्टेशनवरून रिक्षा केली. गावाचं नाव सांगितलं, बाळारामचं आडनाव सांगितलं. रिक्षावाला विचार करून म्हणाला, "हां, सीटचोराकडे?" आणि मग घाईने, "म्हणजे घराला तसं म्हनतात, मावशी. नाव पडलंय. माणूस चांगला हाय." पन्नास वर्षं होत आली, तरी घराचं नाव सीटचोर. त्याच्या नातवंडांना शाळेत काय म्हणत असतील, ते मी विचारलं नाही.

बाळाराम ओट्यावर बसला होता. शेतात टॉवर उभे राहिलेत, पण ओटा तोच. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"मंदाबाय. तू आता कनाला आलीस?"

सुनेने पाणी आणलं, चहा ठेवू का विचारलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे चा. आधी हिला बोलू दे. चा पिऊन मान्सां ग्वाड बोलतान."

मी सगळं सांगितलं. जहाज, माळ, टॉवेल, सगळं. चौकटीवरून गाठीसकट कापून आणलेला लाल दोरा पिशवीतून काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने गाठ उलटसुलट करून बघितली.

"मी तवाच सांगलं व्हतं, हिनी उलटा बांधला."

"हो."

"तवा तू काय बोललीस? दोरा चालत जातो काय?"

"हो. चुकलं माझं."

"तुझा चुकला आन् मी घरी बसलो. बापाने वरीसभर माझ्याशी बोलनं टाकलं व्हतं. म्हनला, चोरीच करायची त सीटची?" तो हसला, पण ते हसणं मला नको होतं. "मना वाटायचं, हिनी मुद्दाम केला. मी लय चिडवायचा म्हनून."

"मुद्दाम नाही रे. पण तू चिडवायचास म्हणून विचारलं नाही, हे खरं."

मी म्हणाले, "आता काय करू, सांग. गावात चार लोकांसमोर सांगू?"

"चार लोक ऐकतील आन् मरतील. मी बी मरन, तू बी. कागुद मागं ऱ्हातं. छापून आन. नाव घालून छाप, माझा बी आन् तुझा बी. पोरांना दाखवता आला पायजेल." मग डोळे बारीक करून म्हणाला, "पन बग हां, परत नावं उलटी लावशील."

मग तो सुनेला म्हणाला, "आता ठेव चा."

तर बाळाराम, हे छापलंय. नदीकाठच्या तुझ्या गावात सगळ्यांना कळेल असं लिहिते. कर्णिक साहेबांच्या प्लायमाउथची सीट बाळारामने बदलली नाही. लाल दोरा चुकीच्या सीटला मंदाने बांधला, आणि आळ बाळारामवर घेतला. नावं बरोबर आहेत, मी दोनदा वाचून बघितलीत. आता मला गाडीवरचंही वाचता येतं.

कर्णिकांना ती सीट नीट करून हवी होती. बाळारामला बोलावू का, असं मी भीत भीत विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. तो आला. चिखलोलीच्या पार्किंगमध्ये फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून त्याने नव्या स्प्रिंगा बांधल्या. सुतळी पूर्वीसारखीच ताणून ओढली. बोट मारून बघितलं, वाजली. वर माई खिडकीत बसून होत्या. जुनं जहाज कर्णिकांनी स्वतः बसवलं होतं.

सीट आत घालायच्या आधी मी सवयीने पिशवीतून लाल रीळ काढलं. दोरा तोडला, चौकटीला लावणार एवढ्यात बाळारामने माझा हात धरला.

"आधी विचार."

"काय विचारू? अरे, सबंध पार्किंगमध्ये जुनी गाडी एकच आहे."

"एकच हाय. तरी विचार."

मी विचारलं, "बाळाराम, ही गाडी कोणाची?"

"साहेबाची," तो म्हणाला. "आता बांध."